न्या बेनिग्नाचा वळसा

सिल्विनो आचुकारोने खड्ड्यात उतरून आपला लाल झेंडा उचलला. खणणाऱ्यांनी तो मोडला नव्हता की फेकला नव्हता. उपसलेल्या मातीच्या ढिगावर नीट रोवून ठेवला होता, शेजाऱ्याची उसनी वस्तू परत करावी तसा. खड्डा मांडीभर खोल होता. तळाशी फावड्याच्या ताज्या खुणा होत्या आणि सिगरेटचं एक थोटूक.

"हा चौथा," काठावर उभी असलेली मिर्ता म्हणाली. "काल चार झेंडे लावले, आज चार खड्डे. एकही सोडला नाही बिचाऱ्यांनी."

"तुला हसू येतंय?"

"रडून झालं, डॉन सिल्विनो. मंगळवारीच."

मिर्ता गाओना पुरातत्त्व खात्याची होती, वय तिशीचं. सिल्विनोने पन्नाशी ओलांडली होती आणि त्याला हसू येत नव्हतं. तो खड्ड्यातून वर आला, पॅन्ट झटकली आणि शेताकडे पाहिलं. नऊ दिवसांत त्यांनी तेवीस झेंडे लावले होते आणि तेवीस खड्डे तयार मिळाले होते. त्यांतल्या एकातही वारुळाची माती, ताडाची मुळं आणि जुन्या खड्ड्यांतला गाळ यांपलीकडे काही निघालं नव्हतं, हे खणणाऱ्यांनीच परस्पर दाखवून दिलं होतं.

गावाची समजूत घालण्यात अर्थ नव्हता. दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या युद्धात तीन देशांच्या फौजा अंगावर आल्या, तेव्हा पळणाऱ्या घरांनी आपलं सोनंनाणं जमिनीत पुरलं, ही गोष्ट पोत्रेरो पिंदोतलं पोर चालायला लागायच्या आधी ऐकतं. त्यात राजधानीहून एक माणूस चाकांवरचं यंत्र घेऊन येतो, दोऱ्या ताणून शेत उभं-आडवं तुडवतो, आणि वर सांगतो की मी मेलेल्या सैनिकांना शोधतोय. कोण विश्वास ठेवणार? हाडांसाठी कुणी एवढा खटाटोप करतं होय? गुप्तधनच असणार. दिवसा यंत्राने जागा दाखवायची आणि अंधार पडल्यावर गावाने ती खणायची, अशी सोयीची वाटणी झाली होती.

"आज गुरुवार," मिर्ता म्हणाली. "शनिवारी खोदयंत्र शेतात उतरणार."

"माहीत आहे मला वार कोणता तो."

ते पिवळं खोदयंत्र रस्त्याच्या कडेला आठवडाभर उभंच होतं. एका तांदूळ कंपनीने हे सगळं शेत घेतलं होतं. बांध घालायचे, मधून पुरुषभर खोल कालवा काढायचा आणि पाणी सोडायचं. इथे सैनिक पुरलेत याचा पुरावा शुक्रवार संध्याकाळपर्यंत मिळाला, तर खातं तेवढा तुकडा राखून ठेवणार होतं. नाही मिळाला, तर खोदयंत्राच्या बादलीतून जे वर येईल ते येईल. शिवाय सिल्विनोला निघताना बजावलं होतं, की याआधीची दोन रणमैदानं रिकामी गेली आहेत. हेही गेलं तर यंत्र परत रस्ते खात्याकडे जाईल आणि त्याच्याबरोबर तोही. अठरा वर्षं त्याने रस्त्याखालची गटारं, फुटक्या नळ्या आणि पोकळ्या शोधल्या होत्या. एकदा तरी माणसं शोधावीत, एवढंच त्याचं मागणं होतं. पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्याने यंत्र ढकलायला सुरुवात केली. बाबागाडीएवढी चार चाकं, पोटाशी केशरी खोकं, दांड्यावर पडदा. दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, हातभर सरकायचं, परत यायचं. खोक्यातून सुटलेली लाट जमिनीत जाऊन कशावर तरी आपटून परत आली, की पडद्यावर भुवईसारखी कमान उमटते. पण इथली माती चिकण आणि खालून पाणी पिऊन बसलेली. लाट गुडघाभर खाली गेली की विरून जायची आणि त्याखाली नुसती राखाडी. उत्तरेचा वारा सकाळपासून सुटला होता, गरम आणि धुळीचा. हा वारा सुटला की नवराबायको भांडतात, गाई दूध चोरतात आणि माणसाला आपलंच कातडं नकोसं होतं. सिल्विनोने एक दोरी पायात अडकली म्हणून तिला सणसणीत शिवी हासडली.

शोध सुरू होता तो क्रुसाभोवती. शेताच्या मधल्या उंचवट्यावर एक लाकडी क्रूस होता, आडव्या दांड्यावर झालरीचं पांढरं कापड. दर मे महिन्यात, क्रुसाच्या सणाला, गाव ते कापड बदलायचं. खाली सैनिक आहेत असं सगळे सांगत. मिर्ताच्या जुन्या कागदांतही 'क्रुसापाशी' असंच लिहिलेलं. आणि त्या क्रुसाभोवती जमिनीची अशी चाळण झालेली होती की पिढ्यान् पिढ्यांच्या खड्ड्यांखेरीज यंत्राला काही दिसतच नव्हतं.

नऊच्या सुमाराला न्या बेनिग्ना, म्हणजे बेनिग्नाबाई, आली. शेताच्या कडेला तिचं एकटं घर होतं. ऐंशीला टेकलेली, डोक्यावर टोपली, तोंडात विझलेली चिरूट. तिच्या घरापासून क्रुसापर्यंत पायवाट होती. ती निम्म्यावर आली की कारण नसताना डावीकडे फुगायची आणि पुन्हा जागेवर यायची. नऊ दिवस तो ते बघत होता. म्हातारी माणसं पाणी, साप, काय काय टाळत असतात, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

"काराइ सिल्विनो, तुझ्या झेंड्यांना काल पाहुणे येऊन गेले म्हणे," टोपली उतरवत ती म्हणाली. साहेबाला तिथे काराइ म्हणत. "चिपा खा. गरम आहे. रागावलेल्या माणसाने रिकाम्या पोटी राहू नये, पित्त होतं."

"कोण येतं रात्री, तुम्हाला माहीत असेल ना?"

"माझे दोन भाचे आहेत. बाकीच्यांचे आवाज ओळखू येत नाहीत."

मिर्ता फस्सकन हसली. सिल्विनोने चिपाच्या पावाचा तुकडा तोडला. चीज आणि बडीशेपेचा वास आला आणि त्याचा राग थोडा, अगदी थोडा, खाली बसला.

"सांगा की त्यांना, इथे सोनं नाही म्हणून."

"सांगितलं तर अजून खोल खणतील. म्हणतील, मावशीला माहितीये." तिने बैलाच्या शिंगाच्या पेल्यात तेरेरे, पाल्याचं थंड पेय, ओतून नळी त्याच्याकडे वळवली. "मिळालं काही?"

"वारुळं मिळाली. तुमच्या भाच्यांच्या आज्यांचे खड्डे मिळाले."

"मग जा घरी. एवढ्या उन्हात कशाला मरतोस लेका? पाणी येतंय ना शेतात. येऊ दे की."

तिने हे इतक्या मोकळेपणी म्हटलं की त्याला चीड आली. हिच्याच लोकांसाठी आपण भाजून निघतोय, आणि हिला तांदळाच्या पाण्याची घाई! पेला परत करताना तो "आभारी" म्हणाला, म्हणजे आणखी नको. एकच पेला पिऊन आभार मानणं जरा उद्धटपणाचं होतं. तिने पेला मिर्ताकडे सरकवला.

दुपारी मिर्ता जीपमध्ये झोपली. त्या वेळेला पोत्रेरो पिंदोत कुत्रंसुद्धा हलत नाही. सिल्विनो क्रुसाच्या सावलीत बादली पालथी घालून बसला होता आणि सकाळच्या रेघा पुन्हा पुन्हा बघत होता. राखाडी, राखाडी, वारूळ, राखाडी. न्या बेनिग्नाने रिकामी टोपली उचलली आणि ती घराकडे निघाली. त्याने सहज मान वर केली.

ती वळशापाशी आली आणि वळली. दोन महिने पाऊस नव्हता, जमीन खडखडीत वाळली होती, गवत गुराढोरांनी जमिनीबरोबर केलं होतं. सापाला लपायलाही जागा नव्हती. डोक्यावर ऊन तापलेलं, गुडघे दुखत असलेले, आणि ही बाई चाळीस पावलं जास्त चालत होती.

"न्या बेनिग्ना!" तो ओरडला. "सरळ का नाही जात?"

ती थांबली, पण मागे वळली नाही.

"पाणी असतं तिथे."

"कुठाय पाणी?"

"सवय झालीय. आई अशीच चालायची." आणि ती भराभर पुढे गेली. या वयात एवढी भराभर चालताना त्याने तिला पाहिलं नव्हतं.

सिल्विनो उठला. दोऱ्या नाहीत, मोजणी नाही, काही नाही. त्याने यंत्राचं तोंड फिरवलं आणि ते खडखडत वळशाकडे नेलं. वळशाच्या पोटातली जमीन सपाट होती, गवत बाकीच्यासारखंच. पलीकडून कालव्याच्या पांढऱ्या खुंट्यांची रांग येत होती आणि नेमकी या पोटातून जात होती. त्याने पहिली रेघ मारली.

पडदा राखाडी झाला नाही. इथली माती कुणीतरी एकदा उपसून पुन्हा भरली होती, वरची रेती खाली गेली होती, आणि लाट आत जात होती. आधी एक सरळ कड उतरली, मग सपाट तळ, मग दुसरी सरळ कड. दुसरी रेघ मारली, तिसरी मारली. सतरा पावलं लांब, अडीच पावलं रुंद चर. सोन्यासाठी खणणारा माणूस असा खणत नाही. तो गोल खणतो, धसमुसळेपणाने, मध्येच सोडून देतो. हा चर कुणीतरी दमलेल्या हातांनी, पण मन लावून खणला होता. आणि तळाशी, एकीला लागून एक, छोट्या छोट्या कमानी होत्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

सिल्विनोने टोपी काढली. मग काय करावं ते न सुचून परत घातली. त्याचे डोळे भरून आले होते आणि वाऱ्याला दोष देता येत होता, तेवढं बरं झालं.

न्या बेनिग्ना परत आली होती. वळशाच्या कडेला, पायवाटेवर उभी होती. आत पाऊल टाकत नव्हती.

"दिसतात?" तिने विचारलं.

"दिसतात."

चिरूट तोंडातून काढून तिने पदरासारख्या पांघरलेल्या कापडात गुंडाळली.

"सरळ झोपलेत का?"

"म्हणजे?"

"माझ्या आजीची आई होती चर खणायला. बाकी सगळ्या बायकाच. पुरुष कुठून आणायचे, पुरुष तर पुरायचे होते. दोन दिवस खणत होत्या. शेवटी चर कमी पडला म्हणे, आणि शत्रूचे घोडेस्वार परत यायची भीती. मरेपर्यंत तिला एकच घोर होता, की शेवटच्या काहींचे पाय दुमडले असतील. तुझ्या यंत्राला दिसतं ना सगळं? बघ की."

यंत्राला ते दिसत नाही. कमान म्हणजे इथे काहीतरी आहे, एवढंच; ते कुशीवर आहे की उताणं, दुमडलेलं की सरळ, हे जगातलं कुठलंही यंत्र अशा पडद्यावरून सांगणार नाही, आणि अठरा वर्षांत सिल्विनोने न दिसलेलं कधी दिसलं म्हणून सांगितलं नव्हतं. तो वाकला. चराच्या शेवटच्या टोकापर्यंत बोट फिरवत त्याने पडदा पाहिला, चांगला वेळ घेऊन.

"सरळ आहेत," तो म्हणाला. "सगळे सरळ."

तिने मान हलवली. छातीवर क्रुसाची खूण केली.

"मग क्रूस तिकडे कसा?" त्याने विचारलं.

"बाबांनी हलवला. मी नऊ वर्षांची होते, खांब मीच धरला होता. गुप्तधनवाले पहिल्यांदा आले, तर थेट क्रुसाच्या पायथ्याशीच. एक कवटी काढून ठेवली होती काठावर. बाबा म्हणाले, यांना खणायचंच आहे, तर रिकामं खणू देत. सत्तर वर्षं खणतायत." तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडं हसू आलं. मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. सवयीने त्याने खिशातून लाल झेंडा काढला होता. "आता इथे लावशील?"

सिल्विनोने हातातल्या झेंड्याकडे पाहिलं. तेवीस झेंडे, तेवीस खड्डे. ही जागा खात्याच्या नकाशावर गेली, तर परवानग्या, कुंपण, पहारेकरी यायला किती महिने लागतील? आणि गावाला एक संध्याकाळ पुरते.

"म्हणून तुम्हाला पाणी हवंय," तो म्हणाला.

"पाण्यात कोण फावडं घेऊन उतरणार? आणि तांदळाचा नांगर वीतभर जातो. हे पुरुषभर खाली आहेत. मी आज आहे, उद्या नाही. भाचे तर तुला माहीतच आहेत. मला वाटलं, देवानेच पाठवलं पाणी."

"कालवा कुठून जातोय ठाऊक आहे?"

"कुंपणाच्या खुंट्या आहेत ना त्या?"

"कालव्याच्या आहेत."

तिने खुंट्यांकडे पाहिलं, एकीपासून दुसरीपर्यंत, आणि ती रांग कुठे येते ते तिला दिसलं. ती खालीच बसली, पायवाटेवर, उन्हात. सिल्विनोला सकाळी तिच्यावर आलेली चीड आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

पडद्यावर प्रश्न येऊन थांबला होता.

"काय म्हणतंय ते?" तिने विचारलं.

"नोंद ठेवू का, विचारतंय."

"मग?"

त्याने आजवर एकही नोंद पुसली नव्हती, वारुळांचीसुद्धा नाही. असला स्वच्छ चर त्याने पाठ्यपुस्तकातही पाहिला नव्हता आणि पुन्हा दिसणार नव्हता. आयुष्यभर नळ्या शोधून शेवटी ही माणसं सापडली, आणि कुणाला दाखवायचीसुद्धा चोरी. "मसणात गेलं सगळं," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने 'नाही' दाबलं.

कंपनीचा इंजिनिअर क्रिस्ताल्दो खोदयंत्राच्या सावलीत कलिंगड खात होता. सिल्विनोला येताना पाहून त्याने सुरी खाली ठेवली.

"आता काय? सापडले का तुमचे वीर?"

"नाही. पण तुमचा कालवा जातोय ना, पायवाटेपाशी, तिथे खाली जमीन कुजलेली आहे. दोन पुरुष खोल चिखल. काठ धरणार नाही."

"आठवडा झाला, तुमच्यामुळे माझं यंत्र गंजतंय. आणि आता हे नवीन? छापील दाखवा."

"छापील नाही. तोंडी सांगतोय. खोदयंत्र चिखलात रुतलं की मला बोलावू नका. नदीकाठच्या रस्त्याखाली पोकळी आहे, असंही तोंडीच सांगितलं होतं मी."

क्रिस्ताल्दोने कलिंगडाची बी थुंकली.

"त्या रस्त्यात गेलेला ट्रक माझा होता," तो म्हणाला.

"मला माहीत नव्हतं."

"किती सरकवू?"

"पन्नास पावलं. साठ केलीत तर उत्तम."

क्रिस्ताल्दोने खुंट्या मारणाऱ्या माणसांना आणि सगळ्या चिखलाला मिळून एकदाच शिवी दिली. मग कलिंगडाची एक फोड कापून सिल्विनोपुढे धरली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी दोऱ्या गुंडाळल्या. मिर्ताने नऊ दिवस कागद, नकाशे, गावातल्या म्हाताऱ्यांची बोलणी एकत्र केली होती, आणि तिच्या हातात रिकामा अहवाल होता.

"काय लिहू मग?" तिने विचारलं.

"क्रुसाभोवती काही सापडलं नाही."

"आणि बाकी शेतात?"

"तिथे आपण कुठे मोजलं?"

"तुम्ही कसे एवढे शांत, डॉन सिल्विनो? सोमवारपासून रस्ते खात्यात परत जायचंय तुम्हाला. जरा तरी आरडाओरडा करा. मला एकटीलाच वेड लागल्यासारखं वाटतंय."

उरलेले झेंडे खोक्यात होते, अकरा. ते सगळे घेऊन तो क्रुसापाशी गेला आणि पायथ्याभोवती त्याने ते एकेक रोवले, मोजून, अंतर ठेवून, नेहमीपेक्षाही काळजीने. न्या बेनिग्ना टोपली घेऊन आली होती. ती बघत उभी राहिली.

"पाणी चारच महिने असतं," तो तिला हळूच म्हणाला. "हे झेंडे बाकीच्या आठ महिन्यांसाठी."

"भाच्यांच्या पोरांचीसुद्धा सोय केलीस की," ती म्हणाली, आणि तेरेरेचा पेला तिने त्याच्यापुढे धरला. या वेळी तो चार पेले प्यायला.

जीप न्या बेनिग्नाच्या घरापाशी उभी होती. मिर्ता दोऱ्यांची रिळं दोन्ही खांद्यांना लटकवून पुढे निघाली. सिल्विनो यंत्र ढकलत मागून येत होता. वळसा आला. मिर्ता सरळ चालत राहिली, पायवाट सोडून, आणि सिल्विनोने यंत्र उजवीकडे वळवलं. चाकं दगडांवर आपटत होती, वाट वाकडी होती, ओझं जड होतं.

"मिर्ता," त्याने हाक मारली. "तिथून नको."

"का? सरळ आहे की."

तो यंत्राचा दांडा धरून तसाच उभा राहिला. मिर्ताने त्याच्याकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं, जिथे काल खुंट्या होत्या आणि आता नुसती भोकं होती. आणि साठ पावलांवर नव्या मारलेल्या पांढऱ्या रांगेकडे. मग पायवाटेच्या फुगवट्याकडे, जो तिच्या नकाशावर नऊ दिवस तिच्या डोळ्यांपुढे होता. शेवटी तिने आपल्या पायांकडे पाहिलं.

ती जिथे उभी होती तिथून आल्या पावलांनी, पाय अलगद उचलत, मागे आली. खांद्यावरची रिळं तिने नीट केली आणि पायवाटेने त्याच्या मागोमाग चालू लागली. अहवालाचं तिने पुन्हा विचारलं नाही.